घरगाडीच्या तळातलं भोक

देवाची भांडी अर्धीच घासून झाली होती. समई, निरांजन आणि तांब्या चिंचेने लख्ख होऊन पाटावर पालथे पडले होते. ताम्हन, घंटा आणि पळी अजून तशीच काळवंडलेली. उद्या मार्गशीर्षातला गुरुवार, घट मांडायचा, म्हणून पुष्पलता जेवणं आटपताच मोरीत बसली होती. तेवढ्यात अंगणातून पुन्हा तो आवाज आला. टीं, टीं, टीं.

"आली हिला परत रड," ती पुटपुटली आणि हाताला लागलेली चिंच तशीच ठेवून बाहेर धावली.

रडत होती ती गाडी. बोईसरच्या त्या गल्लीत तिला सगळे घरगाडी म्हणतात. पुष्पलताच्या नीलेशने कारखान्यातली नोकरी सोडून एक जुनी प्रवासी गाडी घेतली आणि वाणगावच्या कमलेशकडून तिच्या पोटात घर बसवून घेतलं. झोपायला दोन बाकं, भांडी धुवायला टीचभर सिंक, एक शेगडी आणि शेगडीखालच्या कपाटात छोटा सिलिंडर. सुट्टीवर आलेली कुटुंबं ती भाड्याने घेतात. नीलेश त्यांना केळवे, चिंचणी, दातिवरे असं किनाऱ्याकिनाऱ्याने फिरवतो. रात्री पाहुणे गाडीत झोपतात, नीलेश बाहेर तंबूत.

आणि गाडी निघण्याआधीची तपासणी पुष्पलता करते.

ही तपासणी तिच्याकडे कशी आली, तर सुरुवातीला नीलेश स्वतःच करायचा, पण घाईघाईत. एकदा पाहुणे दातिवऱ्याला पोचल्यावर कळलं, प्रथमोपचाराच्या डब्यात पट्टीच नाही. सून प्रियंका मेडिकलच्या दुकानात कामाला, तिला केवढी लाज वाटली! तेव्हा पुष्पलता म्हणाली, "दे माज्याकडे. मी देवपूजा चुकवत नाय, तर ही कशी चुकवीन?" आणि खरंच, तिने त्या तपासणीला पूजेसारखाच क्रम लावला. आधी दाराजवळची आग विझवायची लाल नळकांडी: काटा हिरव्यावर आहे का बघायचा, मग ती उचलून उलटीसुलटी करायची, म्हणजे आतली पूड तळाला दगड होऊन बसत नाही. मग छताचा धुराचा अलार्म, बटण दाबून बोलतो का बघायचं. काच फोडायची हातोडी जागेवर आहे ना. मागची खिडकी आतून ढकलली की उघडते ना. आणि शेवटी, पायाशी, जमिनीपासून वीतभर उंचीवर बसवलेला गॅसचा अलार्म. त्याचा हिरवा दिवा लागलेला दिसला की पुष्पलता गाडीत राळ-गुग्गुळाचा धूप फिरवी, चाकांना हळदकुंकू लावी आणि नीलेशला सांगे, "झालं." ती "झालं" म्हणाल्याशिवाय नीलेश किल्ली फिरवत नसे.

तो पायाशी बसवलेला गॅसचा अलार्म मात्र तिला कधी पटला नव्हता. वास वर जातो की खाली? धूप लावला तर धूर छताला जातो, भाजी करपली तर वास माळ्यावर पोचतो. मग गॅसचा अलार्म मांजराच्या उंचीवर कशाला? कमलेशने सामान संपत आलं तेव्हा उरलेल्या जागेत ठोकून दिला असेल, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं.

तोच अलार्म कालपासून बोंब मारत होता. गाडी बंद करून ठेवली की काही वेळाने टीं टीं सुरू. दार उघडं टाकलं, वारा खेळला की गप्प. पुष्पलता आत वाकून नाक पुढे करून बघे. गॅसचा वास येतोय असं वाटे आणि लगेच येत नाहीसंही वाटे. मागच्या खेपेच्या पाहुण्यांनी दातिवऱ्याहून सुके बोंबील घेतले होते आणि गाठोडं नेमकं बाकाखाली ठेवलं होतं. त्या बोंबलांचा वास, फिनाईलचा वास, तिच्या स्वतःच्या धुपाचा वास. त्यातून गॅस वेगळा काढायचा म्हणजे नाकाची परीक्षाच.

आताही तिने दार उघडलं, शेगडीची कळ बंद आहे ना बघितलं आणि पायरीवर बसून राहिली. उचकी लागल्यासारखा दोनदा आवाज करून अलार्म थांबला.

"का रे बाबा?" तिने त्याला विचारलं. "तुला काय दिसतंय जे मला दिसत नाय?"

नीलेश बाजारातून आला तेव्हा घरात पंचायत भरली. उद्या सकाळी ठाण्याचं एक कुटुंब येणार होतं. नवरा-बायको, दोन लहान मुलं आणि म्हातारी आई. दातिवऱ्याला मुक्काम. थंडीचे दिवस, म्हणजे रात्री खिडक्या गच्च लावून झोपणार.

"बॅटरी उतरली असंल गाडीची," नीलेश म्हणाला. "व्होल्टेज कमी झालं की हे अलार्म असेच किरकिरतात."

"आई, तुमचा धूप असेल," प्रियंका म्हणाली. दुकानात जायला ती केस विंचरत होती. "इतका धूर करता की मला वाटतं एखाद दिवशी अग्निशमनवालेच येतील प्रसाद घ्यायला."

"धुराचा अलार्म वर हाय. तो गप हाय," पुष्पलता म्हणाली. "वाजतो तो खालचा."

"बोंबलाचा वास घेत असेल तो," प्रदीप म्हणाले. प्रदीप म्हणजे नीलेशचे वडील, कारखान्यात बॉयलरवर. दुसऱ्या पाळीला निघायच्या आधी ते पायात बूट घालत होते. "ठाण्याच्या दुकानातलं यंत्र, बोंबील कधी बघितला नसेल त्याने. घाबरलं."

सगळे हसले. पुष्पलताही हसली, पण अर्धवट. तिला प्रत्येकाचं बोलणं खरं वाटत होतं, हीच तर अडचण. बॅटरी म्हटलं की बॅटरी पटे, धूप म्हटलं की आपलाच हात जड झाला असेल असं वाटे. पण मग दार उघडल्यावर गप्प का होतो? दार उघडून काय बॅटरी भरते?

नीलेश उठला, स्क्रू ड्रायव्हर घेतला. "मी वायर काढून ठेवतो. परत आल्यावर दाखवू कुणालातरी. पाहुण्यांसमोर वाजला तर पळून जातील ते."

"वायर काढायची होती तर लावला कशाला?"

"आई, कंपनीत असे कितीतरी वाजायचे. प्रत्येकाला भिऊन धावलो असतो तर काम कधी केलं असतं?"

"आणि म्हणूनच तू कंपनी सोडलीस ना?" प्रदीप बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाले. "धावायचा कंटाळा."

"बाबा, तुम्ही निघा."

"निघालो. पण बॉयलरचा अलार्म कुणी उपटला तर मी त्याला उपटतो, एवढं ध्यानात ठेव." आणि ते गेले.

नीलेश आईकडे वळला. "तू सगळं चेक केलंस ना? काटा, पाइप, सगळं?"

"केलं."

"मग म्हण की झालं."

पुष्पलताच्या डोळ्यांसमोर न बघितलेली ती दोन मुलं येत होती, बाकावर गोधडीत झोपलेली, नाक पायाशी असलेल्या त्या यंत्राच्याच उंचीला. आणि यंत्राची वायर काढलेली. "नाय झालं," ती म्हणाली. "कमलेशला बोलाव. त्यानेच बसवलंय, त्यालाच विचारू."

"अगं, तो वाणगावहून येणार, त्याची दुकानदारी सोडून?"

"मग मीच बोलावते." आणि तिने खरंच फोन लावला.

कमलेश यायच्या आधी एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती त्या घरात कुणालाच ठाऊक नव्हती. पुष्पलताने लपवली होती असं नाही. सांगण्यासारखी आहे असंच तिला वाटलं नव्हतं.

पुष्पलता दातिवऱ्याची. तिचे वडील होड्या बांधत. लहानपणी ती शाळेतून आली की किनाऱ्यावर वडिलांपाशी जाऊन बसे आणि कापसाचे लांब पेळू वळून देई. वडील ते पेळू फळ्यांच्या सांध्यांत बोथट छिन्नीने ठोकून बसवत आणि वर तेलात कढवलेली राळ ओतत. होडीच्या तळावरून हात फिरवत ते सांगायचे, डोळ्यांना भोक दिसत नाही, बोटांना दिसतं. सुईएवढं भोक राहिलं तर चार घरं बुडतील. बोईसरला लग्न होऊन आली, होडीशी संबंध सुटला, पण पुष्पलताची बोटं तशीच राहिली. मोरीच्या फरशीत, पत्र्याच्या डब्यात, छपराच्या कौलात, कुठेही भोक लागलं की ते बुजवल्याशिवाय तिला चैन नसे.

मागच्या आठवड्यात गाडी धुताना सिलिंडर बाहेर काढला, कपाट पुसलं आणि बोटांना तळात भोक लागलं. अंगठा जाईल एवढं, गोल. खालून रस्ता दिसत होता. तिला कमलेशची दयाच आली. एवढी सुंदर गाडी केली आणि एक स्क्रू मारायचा विसरला बिचारा. याच भोकातून रेती येत असेल, पाणी येत असेल, एखादं जनावर शिरेल. तिने वातींच्या कापसाचा पेळू वळला, लाटण्याच्या टोकाने ठोकून ठोकून बसवला, आणि धुपासाठी आणलेली राळ खोबरेल तेलात कढवून वर ओतली. वडिलांनी बघितलं असतं तर पाठ थोपटली असती, असं काम. मग सिलिंडर जागेवर ठेवला आणि स्वयंपाकाला लागली. त्यात सांगायचं काय?

कमलेश आला तो दिवेलागणीच्या थोडा आधी, मोटारसायकलवरून, हॅन्डलला हत्यारांची पिशवी अडकवून. तिशीतला, बोलका गडी.

"काय मावशी, तुमच्या लेकीने रडायला सुरुवात केली म्हणे?"

"माजी कसली लेक, तुजीच. तूच जन्म दिलास."

"बापाला विचारून कोण रडतं?" तो हसला आणि आत शिरला. वाटीभर पाण्यात साबण कालवायला सांगितला. सिलिंडरची कळ उघडीच होती. ती तशीच ठेवून त्याने फेस रेग्युलेटरवर, पाइपच्या तोंडाशी, शेगडीच्या कळीशी लावत गेला. पुष्पलता त्याच्या खांद्यावरून बघत होती. फेस शांत. कुठे बुडबुडा नाही.

"बघ," नीलेश म्हणाला. "मी सांगत होतो, बॅटरी."

कमलेशने कपाटाच्या मागची फळी काढली. पाइप तिथून मागे वळून पत्र्याच्या कडेवरून जात होता. तो भाग तपासणीत कधी दिसायचाच नाही. त्यावर फेस लावला. एक बुडबुडा आला, हळूहळू फुगला, फुटला. मग दुसरा.

"हा बघा," कमलेश म्हणाला आणि कळ घट्ट बंद केली. "गाडी हलते, पाइप पत्र्यावर घासतो. इथे रबरी कडं असायला हवं होतं. माझीच चूक आहे, नीलेशभाऊ, पाइप मी बदलून देतो."

नीलेशचा चेहरा उतरला. हातातला स्क्रू ड्रायव्हर त्याने हळूच खिशात टाकला.

पुष्पलताला हायसं वाटायला हवं होतं. वाटलंही, क्षणभर. पण कमलेश डोकं खाजवत बसला होता.

"मला एक कळत नाही," तो म्हणाला. "एवढासा गॅस गळतोय, तो आत यायलाच नको. बाहेर जायला हवा. खालून बघतो." टॉर्च पेटवून तो गाडीखाली सरपटत गेला. खालून त्याचा आवाज आला, "अरे, भोक कुठे गेलं?"

पुष्पलता गाडीतून उतरून पायरीवर आली.

"कसलं भोक?" नीलेशने विचारलं.

"कपाटाच्या तळाला मी भोक ठेवलंय. गॅस गळला तर रस्त्यावर पडावा म्हणून. कुणीतरी बुजवलंय. आणि काय बुजवलंय! दगड आहे दगड. तू गाडी कुठे धुवायला दिली होतीस का?"

"दिली होती ना, त्या हायवेच्या वॉशिंगवाल्याकडे," नीलेश भडकला. "त्यानेच खाली काहीतरी डांबर मारलं असणार. थांब, आता फोन करतो त्याला. पोरांचे जीव गेले असते म्हणजे?" आणि त्याने खरंच मोबाइल काढला.

पुष्पलता पायरीवर उभी होती. डोक्यात सगळा गोंधळ. भोक, मुद्दाम ठेवलेलं? तळाला? तिला कमलेशचं बोलणं ऐकू येत होतं पण आत शिरत नव्हतं, जसं कुणी सांगावं की देवासमोरचा दिवा विझवून ठेवायचा असतो. आणि तो वॉशिंगवाला, ज्याने काहीच केलं नव्हतं, त्याच्या नावाची घंटी नीलेशच्या फोनमध्ये वाजत होती. त्याने फोन उचलला असता तर नीलेशच्या तोंडून काय काय निघालं असतं.

"ठेव तो फोन," ती म्हणाली.

"का?"

"मी बुजवलं."

गाडीखालून कमलेशचं डोकं बाहेर आलं. त्याच्या बोटांना पिवळट काहीतरी चिकटलं होतं. त्याने ते नाकाजवळ नेलं.

"राळ?" तो म्हणाला. "मावशी, हे होडीचं काम आहे."

"होडीचंच." तिचा आवाज लहान झाला होता. "मला वाटलं तू स्क्रू विसरलास."

"आई!" नीलेश ओरडला. "सांगायचं तरी होतंस!"

"भोक बुजवलं हे कुणी सांगतं का? तू जेवलास तर मला सांगतोस?"

प्रियंका तेवढ्यात दुकानातून परत आली. काय झालं ते कळल्यावर तिने आधी सासूचा चेहरा बघितला आणि नवऱ्याला म्हणाली, "आवाज कमी करा. गल्ली ऐकतेय." मग सासूला पाण्याचा तांब्या आणून दिला.

कमलेशने कपाटातून स्क्रू ड्रायव्हर घालून पेळू खाली पाडायला घेतला. निघेना. हातोडी घेतली. "आईशप्पत, माझ्या वेल्डिंगपेक्षा पक्कं," तो धापा टाकत म्हणाला. शेवटी राळेचा थर तडकला आणि कापूस लोंबत खाली आला.

"पण मला सांग," पुष्पलता त्याच्याजवळ उकिडवी बसली, "गॅस वर जाईल ना? वासासारखा? खालच्या भोकाने कसा जाईल?"

"हा गॅस हवेपेक्षा जड असतो, मावशी. पाण्यासारखा खाली बसतो. म्हणून अलार्म पायाशी, आणि म्हणून भोक तळाला. तुम्ही भोक बंद केलंत, कपाट भरलं, आणि दाराच्या फटीतून तो आत सांडायला लागला."

"पाण्यासारखा," ती म्हणाली. पाणी आत येऊ नये म्हणून भोक बुजवायचं, हे तिला ठाऊक होतं. पाणी आतच असेल तर? मग तिला आठवलं, पावसाळ्यात होड्या वर ओढून ठेवल्या की वडील तळाची खुंटी काढून ठेवत, पाऊस साचू नये म्हणून. तेव्हा भोक उघडंच असे. समुद्रात उतरायच्या दिवशी खुंटी परत.

"म्हणजे होडी जमिनीवर असली की भोक उघडं," ती म्हणाली.

"बरोबर!"

"पण मग ही पाण्यात उतरणार कधी?"

"ही कधीच उतरणार नाही, मावशी. ही गाडी आहे."

"असं, असं." तिने मान हलवली. पण कळलं म्हणून, की त्याला बरं वाटावं म्हणून, हे तिचं तिलाच सांगता आलं नसतं.

प्रदीपना नीलेशने फोनवर सगळं सांगितलं. स्पीकर लावला होता. बॉयलरच्या घरघरीतून त्यांचा आवाज आला, "म्हणजे पाइप आधीपासून गळत होता? मग तुझ्या आईने भोक बुजवलं नसतं तर अलार्म वाजलाच नसता. पाइप तसाच फाटत गेला असता. हार घाला तिला!"

"हार नको," पुष्पलता फोनपाशी वाकून म्हणाली. "मुलं झोपली असती आत तर? आणि हा वायर काढणार होता."

नीलेशने जमिनीकडे बघत फक्त म्हटलं, "काढायचं म्हणायलाच नको होतं," आणि तेवढ्यावर विषय सोडला.

तिला खरंच कळत नव्हतं. चूक केली म्हणावं तर त्या चुकीनेच गळती सापडली. बरं केलं म्हणावं तर कपाट गॅसने भरलं ते तिच्याच हाताने. देवापुढे काय म्हणून हात जोडायचे, क्षमा कर म्हणून की उपकार झाले म्हणून? आणि बोटं! इतकी वर्षं ज्या बोटांवर विश्वास ठेवला त्यांनाच भोकाभोकातला फरक कळला नाही. तिने कपाटात हात घालून पुन्हा ते भोक चाचपलं. खालून थंड वारा बोटाला लागला. हात आपोआप काहीतरी शोधायला लागला, चिंधी, कापूस, काहीही. तिने हात मागे ओढून घेतला आणि पदरात धरून ठेवला.

"यापुढे हे पण बघत जा, मावशी," कमलेश म्हणाला. "बोट घालून. वारा लागला पाहिजे."

"वारा लागला तर बरं?"

"वारा लागला तर बरं."

"बघीन," ती म्हणाली. "पण मला उद्या सकाळी परत एकदा सांग. रात्रीतून उलटं होईल माज्या डोक्यात."

कमलेशने हात पुसले. त्याच्याकडे रबरी कडं होतं, पाइप नव्हता. नीलेश म्हणाला, मी जाऊन आणतो. पण जुना पाइप काढायला कमलेशला दुसरा माणूस लागणार होता, आणि ठाण्याच्या पाहुण्यांना फोन करून सकाळी थोडा उशीर होईल हे कळवायचं होतं. शिवाय पुष्पलताला नवा पाइप स्वतःच्या हाताने वाकवून, पिळून बघायचा होता.

"केवढा आणू?" तिने विचारलं. कमलेशने दोन हात पसरून लांबी दाखवली, मग तेवढी सुतळी कापूनच तिच्या हातात दिली. घरात जाऊन तिने देवापाशी दिवा लावला, पायात चपला सरकवल्या, आणि पिशवी घेऊन स्टेशनाजवळच्या शेगडी दुरुस्तीच्या दुकानातून गॅसचा नवा पाइप आणायला निघाली.